मुरगूडच्या फ्लेक्सवर माझं वाक्य

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. चहा आल्यावर सांगितलं तर तुम्ही हसणार, आणि सगळा माझ्या शर्टावर उडवणार.

आपलं एखादं वाक्य दहा फूट उंच छापलेलं पाहावं, असं कुठल्या लिहिणाऱ्याला वाटत नाही? मला तर फार वाटायचं. ते छापलं गेलं, मुरगूडच्या भर चौकात. आणि ते पाहिल्यावर चालत्या मोटरसायकलवरून उडी टाकून उसाच्या शेतात पळून जावंसं वाटलं मला!

थांबा. आधी माझी नोकरी सांगतो, नाहीतर गंमत कळायची नाही.

मी कोल्हापुरात, कसबा बावड्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. कंपनी नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी मोबाईलवरचे कोर्स काढते. त्यातला मजकूर तपासायचा, सगळीकडे मराठी एकसारखं ठेवायचं, हे माझं काम. त्यासाठी कंपनीची एक नियमावली आहे. 'तुम्ही' लिहायचं की 'आपण', आकडे कसे, ठळक अक्षरं कुठे, सगळं त्यात. ती फक्त देवघरात ठेवायची बाकी होती.

त्यातला माझा लाडका नियम कुठला? शिकणाऱ्याचं मन दुखवायचं नाही. 'चूक' हा शब्द वापरायचा नाही. 'नापास' तर नाहीच नाही. लाल रंगसुद्धा नको, माणूस घाबरतो म्हणे.

आता आमच्या कोल्हापुरात माणूस चार दिवसांनी भेटला तर "काय रं, हाईस व्हय अजून?" असं प्रेमानं विचारतात. अशा गावातल्या मला तो नियम म्हणजे सभ्यतेचं टोक वाटला. मी कंबर कसली आणि सगळे कोर्स धुऊन काढले. उत्तर चुकलं की 'छान प्रयत्न!' आणि एक हसरं फूल. शेवटच्या परीक्षेत कुणी आपटला तर हिरव्यागार पडद्यावर, 'छान प्रयत्न! तुमचा शिकण्याचा प्रवास जोमाने सुरू आहे!' त्यातलं 'जोमाने' माझं बरं का. माझ्या वरच्या, पुण्याच्या मॅडमना फार आवडलं होतं.

आता माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो आणि ते मला पावणं म्हणतात. मुरगूडला दूध संकलन केंद्र चालवतात. त्यांचा आवाज ऐकला की म्हशी घाबरून जास्त दूध देतात, असं लोक म्हणतात. केंद्राची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असते. अंघोळीलासुद्धा सुटत नाही.

तर दूध संघानं फर्मान काढलं. केंद्र चालवायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत ऑनलाइन कोर्स पास व्हा, नाहीतर किल्ली दुसऱ्याला द्या. आणि कोर्स कुणाचा? आमचाच! मी धुतलेला!

एक दिवस मामांचा फोन आला.

"पावणं, काय कोर्स काढलाईसा वो! एक बी उत्तर चुकंना झालंय बगा!"

"सांगता काय मामा!"

"आज परीक्षा बी दिली. हिरवंगार! नुसतं हिरवंगार!"

मी आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते की नाही? हवे होते. पण त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो. सकाळीच पुण्याच्या मॅडमचा फोन येऊन गेला होता. मी इतकी वर्षं कंत्राटावर. कायम करा म्हणून मागे लागलो होतो. मॅडम म्हणाल्या, "कायम होण्याच्या दिशेनं किती सुंदर पावलं टाकताय तुम्ही! तुमच्या प्रयत्नांचं आम्हाला सगळ्यांना खूप कौतुक आहे."

मी फोन ठेवला आणि ओरडलो, "सुजाता, कायम झालो!" बायको चप्पल घालून पेढे आणायला गेलीसुद्धा.

तेव्हा मामांना मी म्हटलं, "मामा, तुम्ही पास आणि मी कायम!"

"मग सत्कारच घालू की! रैवारी या. पाहुणं बी तुम्हीच."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, सुजाताला मागे बसवून मुरगुडात शिरलो. चौकात वळलो आणि फ्लेक्स दिसला. वर 'अभिनंदन! अभिनंदन!! अभिनंदन!!!' मध्ये गॉगल लावलेले मामा, हातात दुधाची किटली. आणि खाली हिरव्या पट्ट्यावर ठसठशीत अक्षरांत: 'छान प्रयत्न! तुमचा शिकण्याचा प्रवास जोमाने सुरू आहे!'

मामांनी मोबाईलवरचा तो पडदाच छापायला दिला होता.

माझा ब्रेक असा दाबला गेला की सुजाताचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं. अहो, पास झालेल्याला वेगळा पडदा येतो! त्यावर 'तुम्ही उत्तीर्ण झाला आहात' असं लिहिलेलं असतं! हा पडदा कुणाचा हे अख्ख्या मुरगुडात फक्त मला माहीत होतं, कारण तो मीच लिहिला होता.

"अगं, मामा नापास झालेत," मी कुजबुजलो.

"मग सांगा की जाऊन."

"मी कसा सांगू? सासरे आहेत माझे!"

"आणि मी मुलगी आहे. कोर्स तुमचा, तुम्हीच निस्तरा."

तेवढ्यात हलगी सुरू झाली. मला ओढत स्टेजवर नेलं, डोक्याला फेटा बांधला. फ्लेक्सच्या कोपऱ्यात माझाही फोटो होता. खाली लिहिलेलं, 'कंपनीत कायम झाल्याबद्दल जावईबापूंचेही हार्दिक अभिनंदन.' मामा खुर्चीत असे बसले होते की राज्याभिषेक त्यांचाच. पोटावर किल्ली चमकत होती. ती पाहून मला खरंच वाईट वाटलं.

माईक माझ्या हातात आला. म्हटलं, हळूवार सांगू. नियमावली आहे ना!

"मामांचा प्रयत्न," मी म्हणालो, "अतिशय छान होता."

टाळ्या!

"पण शिकण्याला शेवट नसतो. मामांना अजून पुष्कळ वाव आहे."

आणखी टाळ्या! मामांनी हात जोडले.

"ही परीक्षा मामा पुन्हा एकदा, नव्या उमेदीनं देऊ शकतात..."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. हलगीवाल्यानं ठेका धरला. मामी पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी जितका मऊ बोलत गेलो, तितका मामांचा फेटा ताठ होत गेला!

शेवटी पहिल्या रांगेतून बाळगोंडा आण्णा उठले. हे मामांचे लंगोटीयार, पशुखाद्याचं दुकान चालवतात. त्यांनी हात वर करून हलगी थांबवली.

"पावणं, मगाधरनं ऐकतोय. ह्यो पास हाय का नापास? एका शब्दात सांगा."

एका शब्दात! माझ्याकडे तो शब्दच नव्हता. कोर्समधून मीच हाकलला होता तो.

"नापास," मी म्हणालो, आणि माईक अजून तोंडापाशीच होता.

हलगीवाल्याच्या हातून एकच टिपरू पडलं, टण्ण!

मामा उठले. "पन समदी फुलं आली की मला! दुधात पानी घावलं तर काय करशीला, आसं इचारलं. नमुना तपासा, लेखी कळवा, न्हायतर समद्यांम्होरं झापा. मी 'झापा' दाबलं, तर फूल आलं!"

"ते चुकल्यावरचं फूल आहे मामा."

"चुकल्यावर फूल देतासा?"

"शिकणाऱ्याचं मन दुखू नये म्हणून..."

"आन् आता काय गुदगुल्या हुयाल्यात व्हय मला? गावाम्होरं? तवाच म्हनायचं की, मामा, चुकलाईसा! मी काय खाल्लं असतं का तुमाला?"

खाल्लं असतं, पण ते असो. मामांचा हात किल्लीवर गेला होता आणि आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "म्हंजे किल्ली जानार म्हना," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "नाही जाणार! महिनाअखेरपर्यंत परीक्षा परत देता येते. मी शिकवतो तुम्हाला."

"शिकवा. पन तुमची ती फुलं नगं. आपल्या भाषेत शिकवा."

बाळगोंडा आण्णांनी विचारलं, "फ्लेक्स उतरवू काय?"

"न्हाय," मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पास हुतोच आता."

मग काय विचारता! रोज संध्याकाळी मी बावड्यातून फोनवर ओरडतोय, "चुकलं! साफ चुकलं! झापायचं नाही, नमुना तपासायचा!" आणि तिकडून मामा, "आसं म्हना की!" शेजारचे काका एकदा दार वाजवून गेले, सासऱ्याशी एवढं भांडण बरं नव्हे म्हणून. पण मामा शिकत होते. ज्या माणसानं आयुष्यभर झापूनच शिकवलं, त्याला झापल्याशिवाय शिकता येत नव्हतं, एवढं साधं होतं ते.

आणि मामा पास झाले! खरेखुरे! 'तुम्ही उत्तीर्ण झाला आहात' हा पडदा त्यांनी मला व्हिडिओ कॉल करून दाखवला, वर मलाच वाचायला लावला. किल्ली जागच्या जागी राहिली.

त्या आनंदात आम्ही परत मुरगूडला जेवायला गेलो. मटण ओरपता ओरपता मी नियमावलीची थट्टा सुरू केली. "काय लोक असतात बघा मामा! सरळ नाही म्हणायचं सोडून काय काय गोड बोलतात, आणि ऐकणाराही कसा फसतो!"

मामांनी भाकरी मोडता मोडता सहज विचारलं, "पावणं, ती तुमची पुन्याची मॅडम. तुमाला कायम केलं तवा नेमकं काय म्हनली वो?"

"म्हणाल्या की..." मी ऐटीत सुरुवात केली, "कायम होण्याच्या दिशेनं... किती सुंदर पावलं... तुमच्या प्रयत्नांचं..."

माझा घास हातातच राहिला. सुजाता माझ्याकडे बघायला लागली. मामी वाढता वाढता थांबल्या. बाहेर चौकात तो फ्लेक्स अजून फडफडत होता, आणि त्यावरचा मामांचा भाग आता खरा झाला होता.

मामा जागचे उठले, रस्सा लागलेला हात तसाच धरून माझ्यापाशी आले, दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला, आणि जन्मात कधी बोलले नसतील इतक्या मऊ आवाजात म्हणाले,

"छान प्रयत्न, पावणं!"