वर येणारे बुडबुडे

मालवणच्या समुद्रात, बोटीवर मी डायव्हिंगचा पोशाख चढवून बसले होते, तेवढ्यात शिंक आली. उतरणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या शैलाताईंनी विचारलं, "सर्दी आहे?"

"थोडीशीच."

"मग आज खाली जायचं नाही."

मी हट्ट धरला. त्या म्हणाल्या, "मीही सर्दीतच उतरले होते. पाण्याच्या दाबाने हा कान कायमचा गेला. तेव्हापासून वरूनच बघते."

माझ्याबरोबर आलेली बहीण एकटीच उतरली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. तिच्या श्वासाचे बुडबुडे तेवढे वर येत राहिले. शैलाताई ओणवून एकटक पाहत होत्या. मन जिथे गुंतलेलं असतं, तिथलं कधीकधी इतकंच वाट्याला येतं.

मी पोशाख उतरवला. "खाली कसं असतं हो?"

बुडबुड्यांवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "आपलाच श्वास ऐकू येतो. दुसरं काही नाही."