हा मुजरा नव्हे

आमचा नातू पाच महिन्यांचा असताना, एका मंगळवारी, त्याला झटके येत असल्याचं निदान झालं. त्याला न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी ते सतरा दिवस आधी ओळखलं होतं.

बाई सत्तरीच्या होत्या. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली आहे. तिथल्या मराठी घरांतली बहुतेक बाळं त्यांनी पायांवर घेतली होती, माझा मुलगाही. बाळ मुलगा असला की त्याला त्या माप्पिळ्ळै म्हणत, म्हणजे जावई. मुलीला मामियार, म्हणजे सासू. "माप्पिळ्ळै, रुसूं नका, पाणी ऊनच आहे," असं चालायचं. जावयाने अंगावर धार सोडली की लग्न मोडल्याचं जाहीर करत.

त्यांना मोजायची सवय होती. लोटे मोजत, शिंका मोजत. कुणाची मूठ सैल आहे, कोण एकाच कुशीवर झोपतं, हे आईच्या आधी त्यांना कळे.

नातू झोपेतून उठला की कमरेत वाके, मान खाली घाली, दोन्ही हात पुढे फेके आणि सैल पडे. काही सेकंदांनी पुन्हा तेच. आमचे पूर्वज दरबारात कारकून होते, याचा उल्लेख घरात वारंवार होतो. बाळ मुजरा करतंय, असं मीच म्हणालो. व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बंगळूरच्या चुलतभावाने "मुजरा पावला" असं उत्तर दिलं. तुम्ही पाहिला असतात तर तुम्हीही हसला असतात, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो.

बाई हसल्या नाहीत. त्याच सकाळी त्यांनी त्याला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत पाहिलं.

"अकरा," त्या म्हणाल्या. "हा मुजरा नव्हे, अण्णा. नजर थांबते त्याची. आजच डाक्टरास दाखवा."

सून रडू लागली. मी बाईंना मागच्या दारी नेऊन सांगितलं, की बाळाच्या आईपुढे असं बोलू नये. पुढच्या महिन्यात लस द्यायला न्यायचंच आहे, तेव्हा विचारू.

"लस थांबेल. हें थांबत नाही."

उद्यापासून येऊ नका, मी म्हणालो. त्यांनी पंचा पिळून दोरीवर घातला, चपला घातल्या आणि गेल्या.

मी तीस वर्षं एका तामिळ वर्तमानपत्रात बातमीदार होतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं म्हणणं न तपासता टाकून दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

नातवाचं हसणं कमी झालं. मग तो आईकडे पाहीनासा झाला. तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, दोन-तीन दिवस. व्हिडिओ आहे का, असं त्यांनी विचारल्यावर फोन पुढे केला. त्यांनी तो दोनदा पाहिला, मग तारीख वाचली. आवाज चढवला नाही. बाळ असं एकामागून एक, ठरावीक अंतराने वाकत असेल, विशेषतः झोपेतून उठल्यावर, तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी यायचं, एवढं सांगितलं. मेंदूचा आलेख काढला. औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. पाच आठवड्यांनी झटके थांबले.

बाईंकडे मी गेलो ते त्यानंतर आठ महिन्यांनी. त्यांच्या घरात दुसरे भाडेकरू होते. त्या लेकीकडे तिरुवैयारूला गेल्याचं कळलं, म्हणून बसने तिकडे गेलो. लेकीने आत बसवलं, कॉफी दिली आणि आई दोन महिन्यांपूर्वी वारल्याचं सांगितलं. आमच्याविषयी त्या काही बोलल्या होत्या का, हे मला विचारायचं होतं. लेकच म्हणाली, "तुमच्या नातवाचं विचारत असे. बसाया लागला कां, म्हणून."

बसतो, असं मी तिला सांगितलं.

नातू आता सोळा महिन्यांचा आहे. आधाराशिवाय तो बसत नाही.