ब्रेकच्या पेटीची धर्ममाता

नेमेसियो उआराचीला यंत्रांचा राग क्वचितच यायचा. माणसांचा मात्र सारखा यायचा. पण त्या हिवाळ्यात, ओरूरो शहराजवळच्या टेकडीवरच्या कथिलाच्या खाणीत, एका पत्र्याच्या पेटीनं त्याचं डोकं पार भंजाळून टाकलं.

खाणीचा इलेक्ट्रिशियन तोच, त्यामुळं पेटी त्यानंच बसवली होती. खाण कामगारांच्याच सहकारी संस्थेची. माणसं उतरवणाऱ्या पिंजऱ्याचा दोर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचला संस्थेनं मोटर चालवणारा नवा ड्राइव्ह घेतला, त्याच्याबरोबर ही पेटी आली. भरलेला पिंजरा खाली जाताना मोटर उलटी वीज तयार करते. ती वीज पेटीतल्या वेटोळ्यांत जिरते आणि वेटोळी तापतात. तापायचं आणि निवायचं, एवढंच तिचं काम. नेमेसियोनं ती विंचच्या शेडमागे उघड्यावर बसवली, लाकडी भिंतीपासून चांगली लांब, लोखंडी घोडीवर, म्हणजे वारा खालून शिरून वरून निघून जाईल. बर्फासाठी वर उंचावर पत्रा ठोकला. पेटीच्या अंगाला एक स्विच लावला. पेटी प्रमाणाबाहेर तापली की तो विंच बंद पाडायचा, ब्रेक लागायचा आणि पिंजरा आहे तिथं थांबायचा. वर लाल रंगात लिहिलं : 'गरम असते, हात लावू नये'.

पुढं कार्निव्हल आला. कार्निव्हलच्या शुक्रवारी सगळ्या यंत्रांवर दारू शिंपडतात, रंगीत कागदी फिती गुंडाळतात. नेमेसियो पेटीसमोर आडवा उभा राहिला. "हिच्यावर एक थेंब पडायचा नाही. काय शिंपडायचं ते जमिनीवर शिंपडा."

लोक हिरमुसले. सगळ्या यंत्रांचं कौतुक झालं आणि नवं लेकरू कोरडंच राहिलं. मग त्यांचं मन राखायला नेमेसियोनंच पेटीला धर्ममाता नेमली. फाटकाशी गरम आपी, म्हणजे मक्याचं दाट पेय, विकणारी बासिलिया. तिचा नवरा फाउस्तीनो रोज त्याच पिंजऱ्यातून उतरायचा. पेटीचा बाप नेमेसियो, म्हणून त्या दिवसापासून दोघं, लेकराचा बाप आणि धर्ममाता म्हणतात तसं, एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणू लागले.

"लेकराला सांभाळा, कोमाद्रे," तो हसत म्हणाला होता. तिनं मान डोलावली. हसली मात्र नाही.

थंडी सुरू झाली आणि पिंजरा अडकू लागला. सकाळच्या पाळीची माणसं उतरताना मध्येच गचका बसायचा, भोंगा वाजायचा आणि माणसं काळोखात लोंबकळत राहायची. दर वेळी कारण एकच. पेटी फार तापली.

आणि हे कधी? तर ज्या सकाळी गवतावर दहिवर गोठायचं नेमक्या त्याच सकाळी. ऊबदार दिवशी पेटी शहाण्यासारखी वागायची. थंडीत तापणारी पेटी! नेमेसियोनं स्विच बदलला, नवाही तसाच वागला. वेटोळी तपासली, जोड घट्ट केले, ड्राइव्हचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. ओरूरोच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "थंडीत ती उलट गार राहायला हवी." एवढं नेमेसियोलाही कळत होतं. पाळीच्या वेळी त्याची जागा शेडमध्ये ड्राइव्हपाशी असायची. भोंगा झाला की तो आधी विवराच्या तोंडाशी धावायचा, माणसं वर आली की मगच मागं जायचा. तोवर पेटी निवत आलेली असायची, साधीभोळी, जणू काही घडलंच नाही.

विवरापाशी दर वेळी कोमाद्रे उभी असायची, लाल घोंगडी घट्ट धरून, ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत. फाउस्तीनो कुडकुडत वर आला की त्याच्या अंगावर ती घोंगडी टाकायची. एकदा तिनं ती नेमेसियोच्याही खांद्यावर टाकली. घोंगडी चांगली ऊबदार होती. मायेची बाई, त्याच्या मनात आलं.

शेवटी संस्थेचा अध्यक्ष रेमिहियो वैतागला. "तुझा तो स्विच भित्रा आहे. तार टाकून त्याला बाजूला कर, म्हणजे विंच थांबणार नाही."

"पेटी खरंच तापत असली तर?"

"का तापते ते सांग, मग ठेव."

नेमेसियोला सांगता येईना. सभेनं हात वर करून ठरवलं : उद्या तार टाकायची, नाहीतर दुसरा इलेक्ट्रिशियन बघायचा. रात्रभर त्याला झोप नाही. स्विच खोटा असेल तर आपण उगाच माणसं लोंबकळत ठेवतोय. खरा असेल तर उद्या वेटोळी लालबुंद होऊन वितळतील, विंच बंदच पडेल आणि माणसं खाली अडकून पडतील. दोन्ही बाजू त्याला सारख्याच खऱ्या वाटत होत्या. याचीच त्याला लाज वाटली.

सकाळी पांढरंशुभ्र दहिवर होतं. खिशात तारेचा तुकडा होता. पण तो शेडमध्ये न जाता पेटीमागच्या खडकाआड उभा राहिला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पहिली खेप उतरली. तेवढ्यात बासिलिया आली. पेटीखालच्या लोखंडी घोडीला हळूच हात लावून पाहिला, गालावर हात ठेवावा तसा. मग खांद्यावरची लाल घोंगडी काढली आणि पेटीवर पांघरली. वरून, बाजूंनी, खालच्या फटींतसुद्धा टोकं खोचली.

"कोमाद्रे," नेमेसियो कसाबसा म्हणाला, "हे काय करताय?"

ती दचकली नाही. "बघताय ना थंडी किती आहे ते. तुम्ही तर लेकराला उघड्यावरच ठेवलंत. ऊन आलं की काढते मी, भोंगा झाला तर त्याआधीच."

"वर काय लिहिलंय?"

"हात लावू नये. पांघरू नये असं कुठं लिहिलंय?"

त्यानं घोंगडी ओढून काढली. आतल्या बाजूला पेटीच्या फटींसारखे तपकिरी पट्टे उमटले होते, एकाशेजारी एक. करपलेल्या लोकरीचा वास आला. दुसरी खेप उतरू लागली होती आणि पेटीतून गरम वाफारा मोकळा वर जाऊ लागला.

बासिलिया त्या पट्ट्यांवरून बोटं फिरवत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. "म्हणजे फाउस्तीनोला मी लोंबकळत ठेवत होते?"

 आपणच तिला सांभाळायला सांगितलं आणि कसं सांभाळायचं ते सांगितलं नाही, हे नेमेसियोला आता कुठं उमगलं. त्यानं खिशातली तार काढून तिच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"लेकरू भाजतंय म्हणून रडत होतं," तो म्हणाला. "तुम्ही पांघरूण घालत होतात. मी आज त्याच्या तोंडात बोळा कोंबणार होतो."

तिनं ती तार घोंगडीत गुंडाळून ठेवली. मग फाउस्तीनोची खेप आली. दोघं पेटीशेजारी गार वाऱ्यात उभे राहिले, खालून पोचल्याची घंटा वाजेपर्यंत.