तिसऱ्या खेपेची ओटी

माझ्या धाकट्या बहिणीने डॉक्टरांना खरं सांगितलं आणि तिथेच सगळं बिघडलं. "आधीची मुलं काय?" त्यांनी विचारलं. "दोन पोरी," ती म्हणाली. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मग आमच्याकडे नाही जमणार," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

हा मेहकरचा दवाखाना. मी मेहकरातच एका खासगी शाळेत शिकवते, बहीण जानेफळकडच्या एका खेड्यात दिलेली. तांबी बसवलेली असूनही तिला दिवस गेले होते, आणि हे मूल तिला नको होतं. गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून तिची नुकतीच निवड झाली होती. लग्नानंतर बारावी केली होती तिने, पोरींना मांडीवर थोपटत अभ्यास करून. निवडीत पहिली आली. पण त्या नोकरीला सरकारची अट आहे: अपत्यं दोनच. तिसरं झालं की घरी बसा.

मी उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर, जेमतेम दीड महिना झालाय. मुलगा की मुलगी हे कुठल्या मशीनला तरी कळतं का इतक्यात? आणि तांबी असून दिवस गेले तर कायदा परवानगी देतो."

"मॅडम, कायदा मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण दोन मुलींच्या आईचा गर्भपात केला असं दिसलं की तपासणीचं पथक माझ्या दारात. मी कशाला हे झंझट ओढवून घेऊ?"

त्यांच्या डोक्यामागे 'मुलगी वाचवा'चा फलक होता, त्यावर एक गोबरी पोर हसत होती. मुलगी वाचावी म्हणून शाळेत मी स्वतः नाटुकली बसवलेली आहेत. तरी त्या दिवशी तो फलक भिंतीवरून ओरबाडून काढावा असं वाटलं. मुलींसाठी केलेला कायदा, आणि मुलींच्याच आईला दार बंद! बहिणीला दोन मुलगे असते तर तिचं काम त्याच दुपारी झालं असतं.

मग मेडिकल दुकानं पालथी घातली. गोळ्या कुणी ठेवत नाही म्हणे, भानगड नको. खामगावला एक डॉक्टरीण तयार झाली, पण नवऱ्याची सही आणा म्हणाली. सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, हे मी तावातावाने सांगितलं. तिथल्या नर्सने थंडपणे उत्तर दिलं, "आमच्याकडे हीच पद्धत आहे." नाइलाजाने बहिणीने नवऱ्याला सांगितलं. माणूस वाईट नाही, नुसता आईचा लेक आहे. "मायले इचारतो," म्हणाला.

सासूने आरडाओरडा केला नाही. तिने चोर ओटी भरली. ही ओटी पहिलटकरणीची भरतात, तिसऱ्या महिन्यात, घरातल्या घरात, बाहेर बोभाटा होऊ न देता. तिसऱ्या खेपेला ती कुणी भरलेली मी तरी ऐकली नव्हती. पण या बाईने दारं सताड उघडी टाकली आणि भावकीतल्या यच्चयावत बायकांना बोलावणं धाडलं. एकदा ओटी भरली की गावाला कळलं, आणि गावाला कळल्यावर कोणती सून दवाखान्याची पायरी चढेल? तिने हिशेब अगदी बरोबर केला होता.

मी त्या दिवशी तिथे होते. बहीण पाटावर बसली, पदर पसरून, मान खाली. गहू, नारळ, खण एकामागून एक पडत गेलं. "या बारी पोरगाच होईन," सासू म्हणाली. सगळ्यांत पुढे होती ती बहिणीची चुलत सासू. "नोकरीचं काय घेऊन बसली वं? लेकराले आमी पाहू. आमी आहो ना!" मग सगळ्याच आमी आहो, आमी आहो म्हणू लागल्या.

"तिला नकोय हे मूल," मी मोठ्याने म्हणाले.

चुलत सासूने माझ्याकडे पाहिलंही नाही. "भरल्या ओटीत असं बोलू नाई, ताई," एवढंच म्हणाली. मग चहा आला.

बहीण पोटुशी असतानाच कामावर रुजू झाली. लेकरं तिला बाई म्हणायची, आणि ती मला फोन करकरून कुणी काय गाणं म्हटलं ते ऐकवायची. इतकी खुश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. मग तिसरी मुलगी झाली. 'आमी आहो' म्हणणाऱ्यांपैकी एकही बाळंतिणीला पाहायला आली नाही. सासू आली, पाळण्यात डोकावली आणि शेतात काम आहे म्हणून निघून गेली. बहिणीचा सव्वा महिना उलटायच्या आत तालुक्याला तक्रार पोहोचली की सेविकेला तीन अपत्यं आहेत. तक्रार चुलत सासूने केली होती. निवडीत दुसरा नंबर तिच्याच सुनेचा होता. आज त्या खुर्चीवर ती सून आहे. पोरगी कामाला चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. राग कुणावर आहे ते सांगायला नको.

लोक मला म्हणतात, पाहा, लहानीवर किती जीव आहे तुझ्या बहिणीचा. आहेच. माझाही आहे, लबाड पोरगी माझा चष्मा ओढून पळते. पण जीव लावते ती बहीण, आणि बघा आम्ही बरोबर होतो म्हणून मिरवणार हे? तिला मोकळं होऊ देणारं कुणी नव्हतं आणि लेकराला धरणारंही कुणी नाही. बहीण रोजाने निंदणाला जाते. लहानीला सांभाळायला मोठी पोरगी शाळा बुडवून घरी राहते, आणि मोठी हुशार आहे.

परवा मी तिच्याकडे गेले होते. चुलत सासू आली, ओट्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "लहानी आता तीन वर्साची झाली ना वं? धाड तिले अंगणवाडीत. आमची सून हाये तिथं, चांगलं पाह्यते लेकरायले."

मी तोंड उघडलं, तोच बहिणीने माझा हात दाबला. "हाव काकू, धाडतो उद्यापासून," ती म्हणाली.

म्हातारी गेल्यावर मी बहिणीवर भडकले. तुला लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत बोलले. तिने ऐकून घेतलं, लहानीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "ताई, तिथं खिचडी भेटते. ही तिथं बसली त मोठीले शाळेत जाता येईन."