ऑस्ट्रेलियाचं खोबरं

चार वर्षं मी दर मंगळवारी केळव्याच्या शीतळादेवीला जात होतो आणि चार वर्षं एकच गोष्ट मागत होतो, तीही आडून. लेकीचं नाव घेत नव्हतो. ‘सगळं नीट असू दे’ एवढंच म्हणायचो, आणि सगळं म्हणजे कोण ते देवीनं ओळखावं अशी माझी अपेक्षा. पुढे पुढे तर वाटू लागलं की देवीला काही ऐकूच येत नसावं, किंवा ऐकूनही ती माझ्यासारखीच अबोला धरून बसली असावी.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम बघतो. मूळचा कऱ्हाडकडचा, पण तीस वर्षं इथलाच झालोय. औषधाच्या कंपन्यांना लागणारी, भुकटी सुकवणारी मोठाली यंत्रं आम्ही बनवतो आणि ती बोटीनं परदेशी जातात. महिनाभर खारी हवा आणि लाटांचे हेलकावे सोसून यंत्र जसंच्या तसं उतरलं पाहिजे, ही जबाबदारी माझी. खाली जाड लाकडी ठोकळे, यंत्राभोवती चंदेरी हवाबंद पिशवी, आत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि वरून लाकडी पेटी. माझ्या हातच्या पेटीतलं यंत्र कुठंही ओरखडा न पडता पोचतं, असं मी छाती फुगवून सांगायचो. घरातलं माणूस मात्र मला तसं जपता आलं नाही.

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. यंत्र पेटीत बसलं की त्याच्या पायाशी, पिशवीच्या बाहेर, नारळ आणि चिमूटभर अक्षता ठेवायच्या, सगळ्यांनी हात जोडायचे. मग झाकण ठोकायच्या आधी आठवणीनं सगळं काढून घ्यायचं आणि तोच नारळ ट्रेलरच्या चाकापुढे फोडायचा. काढून घ्यायचं कारण असं की काही देशांत फळ, बी, माती यांना सक्त मनाई असते. तांदळाचा दाणा दिसला तरी माल बंदरावर अडकवून ठेवतात, कधी परतही पाठवतात. म्हणून पेटीत शेवटची नजर माझी.

त्या फोडलेल्या नारळाची एक वाटी मी घरी न्यायचो. लेक लहान होती तेव्हा दारातच विचारायची, “बाबा, आज कुठलं खोबरं?” मी कधी केनियाचं म्हणायचो, कधी ब्राझीलचं. ती आधी नकाशात तो देश शोधायची आणि मगच तुकडा तोंडात टाकायची. तिचा सगळा भूगोल खोबऱ्यावर झाला, असं आम्ही तिला चिडवायचो.

तिनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं. मुलगा गुणाचा होता, हे आज कळतं. तेव्हा मला विचारलं नाही, एवढंच मला दिसत होतं. “तुझं तू बघ,” असं म्हणालो आणि लग्नाच्या दिवशी कारखान्यात जाऊन पेट्या ठोकत बसलो. ती नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली. बायको तिच्याशी फोनवर बोलू लागली की मी बातम्यांचा आवाज बारीक करून कान द्यायचो, आणि बायकोनं “बोलायचंय का?” विचारलं की आवाज पुन्हा मोठा करायचो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी माझी गत. तिची आठवण मात्र रोज यायची. बाजारात कोणाची पोर बापाच्या हातातली पिशवी ओढताना दिसली तरी मी तिथून निघून जायचो.

गेल्या वैशाखात एक यंत्र तयार झालं. पेंटरनं पेटीच्या फळीवर काळ्या रंगात बंदराचं नाव उमटवलं, मेलबर्न. ती अक्षरं वाळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग नेहमीसारखा नारळ ठेवला, अक्षता ठेवल्या, नमस्कार झाला, पोरं चहाला गेली. मी काढून घ्यायला आत हात घातला. नारळ विसरलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण देवीपुढे खोटं बोलवत नाही. माझा हात नारळाला लागला होता. हा तिच्या गावाला चाललाय, जाऊ दे, असं मनात आलं आणि मी हात रिकामाच बाहेर काढला. झाकण ठोकलं. सकाळी चाकापुढे दुसराच नारळ फोडला आणि ट्रेलर न्हावाशेवा बंदराच्या वाटेला लागला.

अकराच्या सुमारास साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. पेटीत फळ, बी-बियाणं, माती, अन्न यांपैकी काही नाही, असं त्यावर लिहिलेलं. अशा कागदांवर मी डोळे झाकून सही करत आलो होतो. त्या दिवशी पेन टेकेना. माझ्या एका वेडेपणापायी कारखान्याची वर्षभराची मेहनत परक्या बंदरात अडकणार होती, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. “साहेब, आत नारळ राहिलाय,” मी म्हणालो. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला, तो लागेना. “बोट पकडायची आहे. बंदरात शिरायच्या आत गाठा,” एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पिशवीत स्क्रूची हत्यारं टाकून मी मोटारसायकल काढली. ट्रेलर जाऊन तीन तास झाले होते. एव्हाना तो हायवेला लागून वसईच्या पुढे असणार, हे मला कळत होतं. हायवेकडे जाणाऱ्या चिल्हारच्या रस्त्यानं जाताना ऊन मी म्हणत होतं. देवीकडे मागायला तोंड नव्हतं. नुसतं म्हणालो, “आई, नारळ तुझा आहे. आता तुझं तू बघ.” हेच शब्द मी लेकीला रागानं म्हटले होते. त्या दिवशी हात टेकल्यावर तेच तोंडून निघाले, आणि निघाले तेव्हा मला रडू आलं.

डोंगरातलं एक वळण घेतलं आणि समोर ट्रेलर उभा. माझा विश्वास बसेना. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत बसला होता. म्हणाला, “अम्मा ने रोक दिया. वो तार देखो.” आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यानं विजेची तार खाली लोंबली होती, माझ्या पेटीच्या बरोबर उंचीवर. कडेला ताडगोळे विकत बसलेली एक म्हातारी दोन्ही हात पसरून रस्त्यात आडवी उभी राहिली होती म्हणून तो थांबला. तिथं फोनला रेंजही नव्हती. तार उचलायला माणसं नुकतीच येऊन पोचली होती.

पेटीला तपासणीसाठी एक छोटं दार ठेवलेलं असतं. ते उघडून मी नारळ काढला, अक्षता एकेक करून वेचल्या, बॅटरीच्या उजेडात तळ बोटांनी चाचपला आणि दार पुन्हा घट्ट बसवलं. म्हातारी सगळं बघत होती.

“नारल कोणाचा हाय?” तिनं विचारलं.

“देवीचा,” मी म्हणालो. मग राहवलं नाही. “माझ्या पोरीचा. ती तिकडे आहे, परदेशात. चार वर्षं बोललो नाही तिच्याशी.”

तिनं ताडगोळ्यांवरचं ओलं फडकं सारखं केलं. “मंग नारल काय बोलेल तिच्याशी? तोंड त तुला हाय.”

मी नारळ तिथंच चाकापुढे फोडला. एका वाटीतलं खोबरं तिला आणि ड्रायव्हरला दिलं, दुसरी वाटी रुमालात बांधली. तिनं मला चार ताडगोळे दिले आणि पैसे घेतले नाहीत. तार वर गेली, ट्रेलर हलला. मी नमस्काराला वाकलो तर ती म्हणाली, “मला कशाला? मी बसलेलीच हाय इथं रोज.”

रेंज आली तिथं गाडी थांबवली. नंबर मला पाठ होता, कधी लावलेला नसला तरी. तिकडे संध्याकाळ झाली असावी. तिनं उचलला आणि बाबांचा फोन म्हणजे आईला काही झालं, असं वाटून घाबरून “आई कुठंय?” म्हणाली. मी म्हणालो, “आई बरी आहे. आज ऑस्ट्रेलियाचं खोबरं आहे.”

ती रडत रडत म्हणाली, “बाबा, माझा वाटा ठेवा.”

परत येऊन मी कागदावर सही केली. यंत्र वेळेत पोचलं, पेटी उघडली, काही सापडलं नाही. ती म्हातारी कोण, असं कोणी विचारलं तर मी ताडगोळेवाली एवढंच सांगतो. अधिक मला माहीत नाही आणि माहिती काढावीशीही वाटत नाही. आता मंगळवारी देवीपुढे मी लेकीचं नाव घेऊन मागतो. नीट बांधून द्यावं, हाक मारावी, एवढं आपल्या हातात. पुढची वाट देवीची. हे शिकायला मला तीस वर्षं पेट्या ठोकाव्या लागल्या, पण शिकवलं त्याबद्दल तिचे उपकारच मानतो.

लेक दर रविवारी फोन करते. तिला अजून यायला जमलेलं नाही. तिची वाटी बायकोनं गच्चीवर खडखडीत वाळवून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. डबा उघडला की खोबऱ्याचा वास येतो, आणि आम्ही दोघं ती वाटी जरा बाजूला सारून तांदूळ काढतो.