ताणावरची बाग

पासष्टची लढाई थांबून दोन-तीन महिने झाले होते, तेव्हा चांदूर बाजाराकडच्या आमच्या गावात तोफा येणार असं ठरलं. साध्या तोफा नव्हेत, वर तोंड करून विमानं पाडणाऱ्या. आमच्या आडगावावरून कोणतं विमान जाणार होतं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती. मी त्या गावचा तलाठी. नोकरीला पुरतं वर्षही झालं नव्हतं. गावातले लोक अजून पटवारीच म्हणत.

तालुक्याहून कागद आला. लष्करानं मागितलेल्या जागेवर तळ पडला तर झाडं, पाणी, पिकं, चराई आणि गुरांच्या वाटा यांवर काय परिणाम होईल, ते समक्ष पाहून पंचनाम्यासह कळवावं. आज या कामाला मोठमोठी नावं आहेत आणि जाडजूड अहवाल निघतात. तेव्हा एक तलाठी, एक टाक आणि दोन पंच एवढ्यावर ते भागायचं. 'समक्ष पाहून' म्हणजे काय, हे मला पुढं एका माळीणबाईनं शिकवलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा बार्शीटाकळीकडचा, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या मुलखातला. बाप दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं. त्याआधी गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत बाप घागर घेऊन लांब उभा राहायचा, आणि मी त्याच्या शेजारी. त्या बापाचा पोरगा मॅट्रिक होऊन सरकारी दप्तर काखेत मारून फिरायला लागला म्हटल्यावर डोक्यात थोडी हवा शिरणारच. माझं अक्षर वळणदार होतं आणि तो माझा मोठा तोरा होता.

लष्कराला हवी होती ती जमीन सपाट, रस्त्यालगत आणि विहिरीजवळची. नेमकी तिथंच त्या माळीणबाईची संत्र्याची बाग होती. सात वर्षांची झाडं, आता कुठं अंगावर फळ धरायला लागलेली. नवरा मोट हाकायचा, बाकी सगळा कारभार बाईच्या हातात. त्यांचं पोट त्या बागेवरच होतं. नाल्यापलीकडं गावाचं बरड होतं, नुसते गोटे आणि कुसळं, पण तिथं पाणी नव्हतं. म्हणून लष्कराची पसंती बागेला.

मी पाहणीला गेलो त्या दिवशी नवरा-बायको परतवाड्याच्या बाजारात वांगी-मेथी विकायला गेलेली. कोतवाल टपाल घेऊन तालुक्याला. मी एकटाच बांधावर उभा राहिलो. झाडांनी माना टाकलेल्या, पानं सुरळी झालेली, बुडाशी पिवळ्या पानांचा खच आणि जमीन भेगाळलेली. आमच्याकडं पऱ्हाटी अशी दिसली की ती उपटून चुलीत घालतात. मी बांधावरूनच लिहिलं, 'संत्र्याची सर्व झाडे वाळलेली व निरुपयोगी. तळ पडल्यास झाडांचे नुकसान होणार नाही.' शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं.

पंचांचं म्हणाल तर पंचनामा आधी लिहायचा आणि पंचांनी ओट्यावर बसून मागाहून सही करायची, ही सगळीकडची रीत. पोलीस पाटील म्हणाले, "चष्मा घरी राह्यला, तुमी लिहिलं तं बराबरच असन." दुसऱ्या पंचानं अंगठा उमटवला. खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असं मीच लिहिलं. वाचून मात्र कोणालाच दाखवलं नव्हतं. कागद दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला.

आठेक दिवसांनी बाई चावडीवर आली. उंच, काटक बाई, नऊवारीचा काचा मारलेला, हाताला माती. लष्कराची माणसं येऊन झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या फुल्या मारून गेली होती. पंधरा दिवसांनी तोडणी. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, तुमच्याच पटवाऱ्यानं झाडं मेली म्हणून लिहून दिलं आहे.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण उलटून ओरडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "चाला माह्यासंगं."

बागेत नेऊन तिनं एका झाडाची साल नखानं खरवडली. आत हिरवीगार. दुसऱ्याची खरवडली, तिसऱ्याची खरवडली. मग माझा हात धरून माझं बोट त्या ओल्या हिरव्यावर ठेवलं.

"हे मेलं हाये का पटवारीसाहेब?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"याले ताण म्हनतात. हिवाळ्यात पानी तोडतो आमी. झाड भुकेजलं, तहानलं, पानं गाळली, का मंग पानी द्याचं. तवा फुलते ते. ताण देल्लाच नाई तं नुसता पाला येते, फूल नाई येत. कावून नाई इचारलं कोनाले?"

पऱ्हाटीवाल्याला संत्र्यातलं काय कळतं, असं म्हणून सुटता आलं नसतं. विचारायला लाज वाटली होती, एवढंच खरं होतं. माझ्या वळणदार अक्षरानं मी एका घराची सात वर्षं खोडून टाकली होती. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं, आणि ते तिनं पाहिलं. तिनं खोपटातून तांब्या आणून माझ्या हातात दिला. "प्या. मंग जा तालुक्याले. तुमी लिहिलं ना, तुमीच खोडा."

तालुक्याच्या साहेबांपुढं मी घडलं तसं सांगितलं. ते कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी दौतीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "पंचांना जागेवर न नेता पंचनामा केला, हे तू स्वतः लिहून देणार? लेका, अजून कायम नाहीस तू. हा कागद वर गेला तर घरी बसशील." मी म्हटलं, "साहेब, घरी बसलो तर मजुरी आहे. त्यांच्याकडं बागेशिवाय काही नाही." हे वाटतं तितकं शूरपणानं बोललो नाही. बापाचं तोंड डोळ्यांपुढं होतं.

साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं. त्यांनी त्यावर शेरा मारला, 'तलाठ्याने स्वतःहून चूक निदर्शनास आणली, फेरपाहणी करावी,' आणि स्वतः गाडीत घालून मला तळाचं काम पाहणाऱ्या लष्करी कप्तानाकडं नेलं. त्या एका शेऱ्यानं माझी नोकरी वाचली. ते साहेब आता नाहीत. मी नंतर पुष्कळ साहेब पाहिले, पण हाताखालच्याची चूक सावरून घेणारा दुसरा भेटला नाही.

कप्तान तरुण होता, उत्तरेकडचा, बोलायला सरळ. तो म्हणाला, सालीचं मला कळत नाही, माझ्या डोळ्यांना झाडं मेलेली दिसतात. जिवंत असतील तर दाखवा. तोडणीला अजून दहा दिवस आहेत.

आता ताण पुरा व्हायला पंधरा-वीस दिवस बाकी होते. आधी पाणी दिलं तर बहार बिघडणार, न द्यावं तर झाडंच जाणार. मी बाईला हे सांगितलं तेव्हा ती विहिरीवरच्या थारोळ्याच्या, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीच्या काठावर बसली आणि बागेकडं पाहत राहिली. नवरा बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता. अखेर ती उठली. "कडेची एक ओळ देतो," ती म्हणाली. "त्या ओळीचं यंदाचं फळ गेलं समजा. बाकीच्या तं राह्यतीन."

त्या ओळीला पाणी सोडलं. मी रोज सकाळी दप्तर उघडायच्या आधी बागेत जायचो. पहिले पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी पानांनी माना उचलल्या, आणि मी बांधावर बसून विडी ओढली, जी मी एरवी ओढत नसे. नवव्या दिवशी फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब दिसायला लागले.

दहाव्या दिवशी कप्तान आला. बाईनं त्याचंही बोट धरून कोंबावर ठेवलं. त्यानं ओलं झाड पाहिलं, शेजारच्या कोरड्या ओळीतल्या झाडाची साल स्वतः खरवडून पाहिली, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "माताजी, हम तो जिंदा को मुर्दा समझ बैठे थे," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, साहेब, तुम्ही नव्हे, मी. त्यानं त्याच दिवशी तळ बरडावर हलवायचं ठरवलं. पाणी टाकीनं वाहून न्यायचा त्रास त्यानं आपल्या माणसांवर घेतला.

बरडाची पाहणी मी या खेपेला पायांनी केली. तीन दिवस गुराख्याबरोबर हिंडलो. गुरं कुठून उतरतात, पावसाचं पाणी कुठून वाहतं, टिटवी कुठं अंडी घालते, सगळं विचारून लिहिलं. पंचांना जागेवर नेलं. पोलीस पाटलांनी कुरकुरत चष्मा आणला. गुरांच्या वाटेवर येत होता तो तोफेचा एक खड्डा कप्तानानं माझ्या कागदावरून बाजूला सरकवला. तोफा वर्षभर तिथं होत्या, एकदाही उडाल्या नाहीत, आणि एका सकाळी निघून गेल्या. कडेच्या त्या ओळीला त्या वर्षी फळ जेमतेम लागलं, एका टोपलीत मावेल एवढं. ती टोपली बाईनं तळावरच्या जवानांना पाठवली.

पण मला सांगायचं आहे ते पाणी सोडण्याच्या दिवसाचं. तळ हलला, त्यानंतर थोड्या दिवसांनी बाकीच्या बागेचा ताण पुरा झाला. त्यांच्यात बहाराचं पहिलं पाणी घरातल्या कर्त्या माणसाच्या हातानं सोडतात. बाईनं मला बोलावणं धाडलं. मला वाटलं, पाहायला बोलावलं असेल. विहिरीवर नारळ फुटला, नवऱ्यानं मोट हाकली, पाणी थारोळ्यात पडून दांडाच्या, म्हणजे पाटाच्या तोंडाशी आलं आणि मातीच्या बांधाला अडून उभं राहिलं. बाईनं फावडं माझ्या हातात दिलं.

मी तसाच उभा. आजूबाजूला तिच्या भावकीतली माणसं होती, आणि मी कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक म्हातारा म्हणालाही, "इतके घरचे असून पटवाऱ्याच्या हातून कावून?"

"झाडं यायनं वाचवली," बाई म्हणाली.

"मारली पण मीच होती, मावशी," मी म्हणालो.

"मंग तं पानी तुमीच द्या. पाह्यता काय, बापू? पानी खोळंबून राह्यलं."

मी बांध फोडला. पाणी दांडानं धावत पहिल्या आळ्यात शिरलं, भरलं, दुसऱ्यात गेलं. फुल्या मारलेल्या प्रत्येक झाडाशी मी फावडं घेऊन गेलो. शेवटच्या झाडापर्यंत कोणी माझ्या हातातून ते घेतलं नाही.

त्या संध्याकाळी मी बापाला पत्र लिहिलं, की आज विहिरीचं पाणी मी माझ्या हातानं सोडलं आणि माझ्यामागून सगळी त्याच पाण्यानं हातपाय धुऊन जेवायला बसली. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं ते शाळेतल्या मास्तरांकडून तीन वेळा वाचून घेतलं, असं आईनं नंतर सांगितलं.