मुरबाड रस्त्यावरची रँच आणि माझा संशय

डोंबिवलीहून निघताना मी पिशवीत घरचा मालवणी मसाला, चार कोकमं आणि विळीऐवजी एक धारदार सुरी घेतली. मासे धरायला चाललोय म्हटल्यावर ते साफही करावे लागणार आणि तिथला मसाला कसला असेल, देव जाणे. परक्या ठिकाणच्या लाल रंगावर माझा काडीचा विश्वास नाही. मी शाळेत शिक्षिका होते, परीक्षेला माझी सुपरव्हिजन लागली की पोरं आदल्या दिवशीच अभ्यासाला बसायची.

चाललेलो कुठे, तर मुरबाड रस्त्यावरच्या एका खासगी 'फ्लाय फिशिंग रँच'वर, मुक्कामाला. हट्ट ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान, सावंत. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसर रूमला जन्म काढला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. मला वाटलेलं, आता दोघं मिळून चहा पिऊ, गप्पा मारू. कसल्या गप्पा! मी बोलते, हे "हं" म्हणतात. मी विचारते, हे पेपर उलटतात. टीव्ही मात्र एवढ्या मोठ्यानं लावतात की जिन्यात बातम्या ऐकू याव्यात. मग एक दिवस कंपनीतला जुना मित्र ह्यांना त्या रँचवर घेऊन गेला आणि हे परत आले ते लग्नातल्या नवरदेवासारखे खुलून. म्हणाले, "मी आता दर महिन्याला जाणार. तू कशाला दगदग करतेस? मी एकटाच जातो."

एकटाच! मी म्हटलं, नाही, एकदा मी येते, बघते, मग ठरवू. खरं सांगायचं तर रँच चांगली की वाईट, हा माझा प्रश्नच नव्हता. ह्यांना माझा कंटाळा आलाय का, ते मला बघायचं होतं.

कल्याणपर्यंत रिक्षा आणि पुढे मुरबाडची एसटी. शहाड, म्हारळ मागे पडलं तसे टॉवर विरळ झाले, ढाबे आणि लग्नाचे हॉल सुरू झाले. मी मोबाइलवर जाहिरात पुन्हा बघितली. फोटोत तळ्याच्या मागे सूचिपर्णी झाडं आणि बर्फाचे डोंगर! कंडक्टरला दाखवलं. तो तिकीट फाडता फाडता वाकून बघत म्हणाला, "पैसे देऊन मासे धरायला चाललात? ओ मावशी, आमच्या गावच्या ओढ्यावर या की, फुकट धरा. वर चहा पाजतो." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर रायत्याच्या पुलाखालची नदी बघत होते. कंडक्टरचं बोलणं जसं काही झालंच नव्हतं.

रँचच्या फाटकाला बैलगाडीचं चाक लावलेलं आणि आत आंब्याची कलमं. बर्फाचा डोंगर म्हणजे पलीकडची दगडाची खाण होती. मालक जनार्दनशेठ स्वतः पुढे आले. इथलेच जुने जमीनदार, गळ्यात जाड चेन, डोक्यावर काउबॉयची टोपी. त्यांनी कोकम सरबत दिलं, ते मी आधी हुंगलं.

"रँच म्हणता, तर घोडा कुठाय?" मी विचारलं.

"घोरा लग्नाला गेलाय, मावशी," शेठ शांतपणे म्हणाले. "कल्यानला वरात हाय. सकाली येल."

खोली तशी बरी होती. मी गादी उचलून खाली बघितलं, नळ सोडून पाण्याचा रंग बघितला, खिडकीची कडी दोनदा लावून काढली. काही सापडलं नाही, म्हणून संशय उलट वाढला.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, सोलकढी आणि सुरमईची तळलेली तुकडी. सुरमई! तळ्याकाठी बसून समुद्राची सुरमई! मी शेठना हाक मारली. ते म्हणाले, "तल्यातला मासा तुमच्या कोकनातल्या मान्सांना गोर लागतो का? नाय ना? मंग कल्यानच्या बाजारातून आनतो." खरंच होतं ते, गोड्या पाण्याचा मासा मला गोड नाही, मातकटच लागतो. सुरमई ताजी होती, हेही कबूल करते.

पण मग आपण धरणार तो मासा कुणी खायचा? कुणीच नाही! इथं मासा धरायचा, त्याचा फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा नियम. पिशवीतला मसाला आठवून माझा जीव नुसता जळला. आमच्या गावी कुणी मासा धरून सोडला असता, तर लोकांनी त्याच्या घरच्यांना बोलावून घेतलं असतं.

बरं, गळाला गांडूळसुद्धा लावायचं नाही. फ्लाय (पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी) लावायची आणि लांब काठीनं ती दोरी डोक्यावरून भिरकावत पाण्यावर अलगद टाकायची. माशी खोटी, धरणं खोटं. मी झाडाखाली खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले. ठाण्याहून आलेल्या एका जोडप्यानं एक चिलापी (तळ्यात वाढणारा काळपट मासा) धरली. तिचा ओठ डावीकडे फाटलेला. त्यांनी ती सोडली. थोड्या वेळानं ह्यांनी एक धरली. डावीकडे ओठ फाटलेला!

"अहो, ही तीच आहे!" मी ओरडले.

शेठनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. पाण्याजवळ बोलायचं नाही, हा तिथला सगळ्यात कडक नियम. आवाजानं मासे खाली जातात म्हणे. म्हणून सगळं हातवाऱ्यांवर. मूठ म्हणजे ओढा, पंजा म्हणजे थांबा, दोन बोटं म्हणजे उजवीकडे बघा. आणि काय सांगू, आमचे हे तिथं सगळ्यांत हुशार! शेठनी बोट हलवायचा अवकाश, ह्यांची दोरी तिकडे. त्या ठाण्याच्या माणसाशी तर ह्यांची हातवाऱ्यांत थट्टामस्करी चाललेली. खांदे हलवून हसत होते. घरी "हं"पलीकडे शब्द नाही आणि परक्या माणसाबरोबर हा आनंद! म्हणजे ह्यांना गप्प राहायला आवडतं असं नाही, माझ्यापाशीच गप्प राहायला आवडतं, असं मी त्या खुर्चीत बसून ठरवून टाकलं.

सकाळी उठले तोवर हे बांधावर जाऊन उभेही राहिलेले. मी चहाचा कप घेऊन झाडाखाली आले, तेवढ्यात गावातली एक म्हैस दावं तोडून बांधावरून धावत आली. गळ्यातली घंटा ठणठण वाजतेय, मागून गुराखी बोंबलतोय, शेठ पळतायत, मी कप टाकून "अहो! अहो, बाजूला व्हा!" म्हणून किंचाळतेय. ठाण्याचं जोडपं पलीकडच्या काठावरून ओरडत होतं. सगळ्या आवारात मान न वळवलेला एकच माणूस होता. म्हशीनं ह्यांना नुसतं कुशीनं ढकललं आणि हे काठीसकट कमरेएवढ्या पाण्यात!

लागलं काही नाही. चिखलानं माखलेले हे हसतच वर आले. सगळे हसले. मी हसले नाही. एवढी घंटा, एवढा आरडाओरडा आणि मान वळली नाही?

खोलीबाहेरच्या ओट्यावर हे पाठमोरे बसून केस पुसत होते. मी मागे उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "अहो." काही नाही. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "घराला कुलूप लावायचं राहिलंय." टॉवेल फिरतच होता. मग मनात होतं तेच तोंडातून बाहेर आलं. मी चांगलं मोठ्यानं विचारलं, "तुम्हाला मी नकोशी झालेय का?"

ह्यांनी कान पुसला आणि टॉवेल झटकला.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तेच, तसंच, पुन्हा विचारलं. ह्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. चेहरा पडला. म्हणाले, "कोण म्हणालं तुला असं?"

मी तिथंच ओट्यावर बसले. म्हटलं, "कधीपासून?"

"कंपनीत असतानाच सुरू झालं, त्या कॉम्प्रेसरच्या आवाजानं. आता फारच कमी ऐकू येतं."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी इथं वेडी होतेय, आणि तुम्ही नुसतं हं?" मला रडू येत होतं आणि रागही. ह्यांना दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

"सांगितलं असतं तर तू कामापुरतंच बोलली असतीस," हे म्हणाले. "लोक तसंच करतात. माझ्याबरोबरच्या पाटलांच्या घरी तसंच झालंय. हं म्हटलं की तू बोलत राहतेस. तू स्वयंपाकघरातून काय सांगतेस ते कळत नाही, पण दारातून तुझे हात हलताना दिसतात, तू बोलतेयस एवढं कळतं. इथं बरं वाटतं, कारण इथं कुणीच बोलत नाही. सगळे माझ्यासारखेच."

निघताना शेठनी विचारलं, "परत येनार ना, मावशी?" घोडा तोवर आलेला, कपाळाला गुलाल लावून झोपा काढत होता. मी म्हटलं, बघू. कुणी मला विचारलं तर सांगेन की जाहिरातीतले डोंगर खोटे आहेत, मासा एकच आहे आणि तोही ओळखीचा होतो. जेवण चांगलं आहे. मुद्दाम पैसे मोडून जाण्यासारखं तिथं काही नाही. हे जातील, दर महिन्याला जातील, त्याबद्दल आता माझी तक्रार नाही.

पण आधी मी ह्यांना डोंबिवलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या आणि मशीन ठरलं. त्या मशीनवरही माझा विश्वास नव्हता. एवढ्याशा बोंडातून काय ऐकू येणार? तिथल्या मुलीनं ते ह्यांच्या कानात बसवलं आणि मला म्हणाली, "बोला काकू, काहीतरी." जन्मभर बोलत आलेली मी, पण शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, "अहो, चहा घेऊया का जाताना?"

ह्यांनी चटकन मान वर केली. मग म्हणाले, "अगं, तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय."

"म्हातारा झालाय म्हणा ना सरळ," मी म्हटलं.

मुलीनं मशीनचं छोटं बटण दाखवलं. म्हणाली, घरी जास्त त्रास झाला तर आवाज असा कमी करायचा, हवा तर असा वाढवायचा. हे काय करतात, ते मी संशयानं बघत होते. ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि आवाज वाढवला.